यूएसबी डिस्क लावून कॉम्प्युटर अडला आणि मदरबोर्डचे पैसे गेले

कॉम्प्युटर चालू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असं आलं आणि मशीनला यूएसबीची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेली असेल, तर आधी ती काढा. मशीन बंद करून परत चालू करा. तेवढं करून बघितल्याशिवाय कुठल्याही दुकानाची पायरी चढू नका. या एका ओळीपायी माझ्याकडून साडेनऊ हजार रुपये उकळले गेले. आपल्या कोल्हापुरात आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी शाहू मार्केट यार्डातल्या काही अडत्यांचे हिशेब लिहितो. दिवाळीनंतर गुऱ्हाळं भरात आली की गुळाचे सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईच्या नोंदी यांतून मान वर करायला फुरसत नसते. सगळा हिशेब टॅलीमध्ये आणि रोजचा बॅकअप एका बाहेरच्या यूएसबी हार्डडिस्कवर. ती डिस्क कायम मशीनलाच लावलेली असते. ऐन हंगामात एका सकाळी लाईट गेली, तासाभरानं आली, आणि पडद्यावर वर लिहिलेली ओळ. पुढं काहीच नाही. जीएसटीआर-1 हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची 11 तारीख तोंडावर आलेली.

शहरातल्या एका दुकानात सीपीयू आणि डिस्क घेऊन गेलो. दुकानदारानं सीपीयू टेबलावर आडवा घातला, वायरी जोडल्या, माझी डिस्क पुढच्या पोर्टला लावली आणि बटण दाबलं. तीच ओळ आली. झाकण उघडलंसुद्धा नाही. “साहेब, बोर्ड उडालाय बघा. लाईटचा झटका बसलाय. आतली हार्डडिस्क पण दिसंना झालीय.” मग जरा थांबून म्हणाला, “डाटा पायजे का?”

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. या धंद्यातला खरा फास तोच आहे. वर्षाचा हिशेब ज्या पेटीत अडकलाय त्या पेटीबद्दल असं विचारलं की कुठलाही माणूस किमतीची घासाघीस करत नाही. “सोडून जावा, संध्याकाळी सांगतो,” एवढं बोलून त्यानं मशीन आत नेलं.

दुसऱ्या दिवशी हिशेब आला. मदरबोर्ड 5,500, डाटा रिकव्हरी 2,500 आणि ‘यूएसबीची डिस्क पण मेली’ म्हणून 2 टीबीची नवी पेनड्राइव्ह 1,500. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला आणि लेटरपॅडच्या चिठ्ठीवर ‘बोर्ड बदलला, डाटा काढला’ असं लिहून सही केली. जुना बोर्ड मागितला तर तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला गेला म्हणे. मशीन मात्र चालू होतं, टॅली उघडत होतं. पैसे यूपीआयनं दिले. ती चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद दोन्ही माझ्याकडे आहेत, त्याचा उपयोग पुढं सांगतो.

काही आठवड्यांनी परत लाईट गेली आणि परत तीच ओळ. या वेळी मशीनला ती नवी पेनड्राइव्ह होती. माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, तो सुट्टीचा घरीच होता. आला, पडदा वाचला आणि म्हणाला, “मामा, ती पेनड्राइव्ह काढा की आधी.” काढली. मशीन बंद करून चालू केलं. विंडोज सरळ उघडलं.

त्यानं मग समजावून सांगितलं ते असं. मशीनला वीज मिळाली की विंडोजच्या आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचाच मूळ प्रोग्रॅम, जागा होतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि ठरलेल्या क्रमानं एकेका डिस्कवर सिस्टीम शोधतो. या क्रमाला बूट ऑर्डर म्हणतात. त्यात यूएसबी पहिली असेल आणि लावलेल्या डिस्कवर नुसत्या फायली असतील, सिस्टीम नसेल, तर काही बायोस गुमान पुढच्या डिस्ककडे जातात आणि काही तिथंच अडून बसतात. आतली हार्डडिस्क ठणठणीत असते, फक्त तिची पाळीच येत नाही. चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये जायचं, आतली डिस्क किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणायचं आणि सेव्ह करायचं. पाच मिनिटांचं काम.

मग इतकी वर्षं का अडलं नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यानं मला पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली. त्या तारखेमुळंच त्या दिवशी बँकेची साइटसुद्धा ‘सुरक्षित नाही’ म्हणत होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर2032 नावाचा, 3 व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानात मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांत काम होतं. मशीन बंद असलं तरी भिंतीतली वीज येत असते तोवर बायोसची सेटिंग आणि तारीख त्या विजेवर टिकतात. मेन वीजच गेली की सगळा भार त्या सेलवर. सेल संपलेला असेल तर बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. माझ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी पहिली होती.

म्हणजे बिघाड लाईट गेल्यावरच उघडा पडतो, आणि म्हणूनच ‘झटका बसला’ हे कारण ऐकणाऱ्याला पटतं. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. चिठ्ठीवर त्यानं बोर्ड बदलल्याचं लिहून दिलं होतं ना? भाच्यानं झाकण उघडलं. आत तोच जुना बोर्ड. ज्यांच्याकडून मी हे मशीन घेतलं त्यांचा पिवळा पडलेला वॉरंटी स्टिकर त्यावर तसाच होता, स्क्रूभोवतीची धूळसुद्धा हललेली नव्हती. मूळ बिलावरचा सीरियल नंबर बोर्डावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला. मृत सेलही तिथंच होता, तो बदलायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. डाटा रिकव्हरी म्हणजे काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा. यूएसबी काढली की डाटा होताच.

आणखी एक खूण भाच्यानं सांगितली. मदरबोर्ड खरोखर बदलला तर विंडोजचं डिजिटल लायसन्स बहुतेक वेळा सुटतं आणि परत अॅक्टिव्हेशन मागतं. माझ्या विंडोजनं काही मागितलं नव्हतं.

‘मेलेली’ म्हणून परत दिलेली डिस्क मी कपाटात ठेवली होती. ती सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावली, दिसली. सगळा बॅकअप शाबूत. पुढचे पोर्ट आतून वायरीनं बोर्डाला जोडलेले असतात, वायर ढिली किंवा खराब झाली की वीज अपुरी पडते. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलीअँपिअर मिळतात, 3.0 च्या पोर्टमधून 900. छोट्या हार्डडिस्कच्या आतली तबकडी फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त वीज लागते. तेवढी मिळाली नाही की ती टिक-टिक करते आणि दिसत नाही. म्हणून डिस्क मेली म्हणण्याआधी मागचा पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघाच. कधी डिस्क जिवंत असते, पण विंडोजनं तिला ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसतं. ते ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसतं आणि तिथंच देता येतं. शटडाऊन करून चालू केल्यावर यूएसबी दिसत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर दिसते, असं होत असेल तर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून बघा. विंडोज 8 पासून आलेल्या या सोयीत शटडाऊन पुरतं होतच नाही, सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवून तसाच परत उचलला जातो. आणि ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी आली तर डाटा हवा असेल तोवर होकार देऊ नका.

राहिली ती 2 टीबीची पेनड्राइव्ह. मला सगळ्यात जास्त चीड तिची आली, कारण माझा पुढचा सगळा बॅकअप तिच्यावर जात होता. भाच्यानं एच2टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. तो रिकाम्या जागेत खूणगाठीचा मजकूर लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. खरी जागा निघाली 32 जीबीच्या आसपास. आतल्या कंट्रोलरला, म्हणजे पेनड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या चिपला, खोटा आकडा शिकवलेला असतो. विंडोजला 2 टीबी दिसतात, कॉपी होतानाही काही तक्रार येत नाही, पण खरी जागा संपली की पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर चढतो किंवा हवेत जातो. फायलींची नावं दिसत राहतात, उघडायला गेलं की उघडत नाहीत.

बोर्डाचे फोटो आणि चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. “पोरानं बघितलं होतं, पोरगं आता काम सोडून गेलं,” एवढंच उत्तर मिळालं. पैसे परत देणार नाही म्हणाला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे. त्यातून मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं. धंद्यातली वस्तू आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी सांगेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करून वापरलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा अपवाद आहे.

मशीन दुकानात सोडायचंच असेल तर आधी झाकण उघडायला लावून बोर्ड, रॅम आणि हार्डडिस्क यांच्या स्टिकरांचे फोटो काढा, नंबर वाचता येतील असे. बदललेला भाग परत हवा असं चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या. आणि अशा स्वस्तातल्या मोठ्या पेनड्राइव्हवर कुणी बॅकअप घेत असेल तर त्यांनी तो आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, एकेक फाईल उघडते का बघावी, आणि मगच पेनड्राइव्ह तपासावी. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ3 नावाचा प्रोग्रॅम. आधी तपासायला गेलात तर खोट्या पेनड्राइव्हवर त्या तपासणीचा मजकूरच तुमच्या फायलींवर चढू शकतो.