शंभर नगांची पेटी घेण्याआधी

घरच्या गॅरेजसाठी हत्यारं घ्यायची म्हटलं की आधी नजरेत भरते ती काळ्या प्लॅस्टिकची पेटी. १०८ नग, चकचकीत क्रोम, प्रत्येक नगाला आपापला खाचा. एका नगाला किती पडले असा हिशेब केला तर स्वस्तच वाटते. पण झाकण उघडून नग मोजावेत. तीस-चाळीस तर नुसते बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं निघतात, त्यातल्या निम्म्यांना बसणारा स्क्रू घरात शोधून सापडायचा नाही. मग ४, ४.५, ५ मिमीच्या बारक्या गोट्या (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट), एल कीचा जुडगा, बिट धरायचे दोन-तीन होल्डर. धड पक्कड नाही आणि पाने असलेच तर मोजके. आमच्या मते ही पेटी फक्त एका अटीवर घ्यावी: आतली गोटी आणि रॅचेट (गोटी फिरवणारा, एकाच दिशेने पकड घेणारा दांडा) एकेकटे विकत घेण्याच्या लायकीचे असतील तर.

खरं काम थोड्याच मापांवर चालतं. एम६, म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं साधारणपणे १० मिमीचं. एम८चं १३, जपानी गाड्यांवर बहुतेक वेळा १२. एम१०ला १७ किंवा १६, जपानी असेल तर १४. म्हणजे ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ हाताशी असले की दुचाकी, सायकल, घासकापणी यंत्र आणि गाडीची बरीचशी कामं निघतात. चाकाच्या नटांसाठी गाडीप्रमाणे २१ची भर घालावी. एवढ्या मापांच्या चांगल्या गोट्या, त्याच मापांचे कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड) आणि एक विश्वासाचं रॅचेट, पैसा इथे ओतावा.

गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते हे खरं, पण गंजलेल्या नटावर जोर लावला की ती कोपऱ्यांवरून घसरते आणि नट गोल होतो. चांगल्या गोटीच्या आतले कोपरे किंचित गोलसर मोकळे ठेवलेले असतात, त्यामुळे जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. दुकानात दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे गोटीच्या तोंडाची आतली कड. ती फार उतरती तासलेली असेल तर पातळ डोक्याचा बोल्ट जेमतेम निम्म्या उंचीवर पकडला जातो आणि जोर लावताच गोटी वर निसटते. दुसरं, त्याच मापाचा कोरा बोल्ट दुकानदाराकडून घेऊन त्याचं डोकं गोटीत घालावं आणि बोल्ट डावी-उजवीकडे हलवावा. थोडी फट असतेच, पण गोटी खडखडत असेल तर ती परत ठेवावी. अंगावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असणं पुरेसं नाही. कडकपणा उष्णता-प्रक्रियेवर ठरतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही. इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) मात्र क्रोमच्या गोट्या लावूच नका, तडकतात. त्यासाठी काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात.

पहिलं रॅचेट तीन सुताचं, म्हणजे ३/८ इंची चौकोनाचं. पाव इंची नाजूक कामाला, अर्धा इंची जड कामाला, ते नंतर. दातांची संख्या बघा: २४ दातांचं रॅचेट एका दातासाठी १५ अंश फिरवावं लागतं, ७२ दातांचं ५ अंश. इंजिनाच्या कोपऱ्यात हात जेमतेम हलत असेल तिथे हा फरक कळतो. पण दातांच्या आकड्यालाच भुलू नये. गोटी चढवून ती दोन बोटांत अगदी हलकी धरा आणि दांडा उलट फिरवा. गोटीही दांड्याबरोबर उलटी फिरू लागली तर तेच सैल नटावर होणार: नट पुढे सरकायचा आणि परत मागे यायचा. हा दोष जाहिरातीत कधी लिहिलेला नसतो. घट्ट नट सोडवायला रॅचेटच्या दांड्यात पाइप घालणं म्हणजे आतले दात मोडायला आमंत्रण. त्यासाठी अर्धा इंची, साधारण दीड-दोन फुटी ब्रेकर बार, म्हणजे गोटी लावायचा साधा लांब दांडा घ्या. त्यात दातच नसल्याने मोडण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तो स्वस्तातलाही चालतो.

पान्यांत जोर लावायचा तो रिंगच्या बाजूने. उघडं तोंड नटाच्या दोनच बाजू धरतं, म्हणून ते सैल झालेला नट भराभर फिरवायला. त्याचं तोंड दांड्याशी १५ अंशांत वळवलेलं असतं. अडचणीत पाना दर वेळी उलटा करून लावला की ३० अंशांच्या जागेतही नट फिरतो. ॲडजस्टेबल पाना एक असू द्या, पण नट गोल करण्यात त्याचा हातखंडा आहे.

स्क्रू ड्रायव्हरमध्ये कंजुषी सगळ्यात महाग पडते. टोक मऊ असेल तर ते स्वतः झिजतं आणि जाताना स्क्रूची फुलीही खाऊन टाकतं. सर्वाधिक लागतो तो फिलिप्स, म्हणजे फुलीच्या टोकाचा, २ नंबर. जपानी दुचाकींच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण बरेचदा जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, डोक्यावर बारीक ठिपका असला तर बहुधा तेच. त्यांत साधा फिलिप्स पूर्ण खोल बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो. जेआयएसचा ड्रायव्हर मात्र फिलिप्समध्येही ठीक चालतो, तेव्हा एकच घ्यायचा तर तो घ्या. मुठीखाली षटकोनी दांडा असलेला मिळाला तर उत्तम. हट्टी स्क्रूवर एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने पाना लावता येतो.

पक्कड आणि कटर घेताना दांडे आडवे हलवून बघा. खिळ्यापाशी ढिलाई जाणवली की पुढचं काही बघू नका. कटर मिटून उजेडासमोर धरा, पात्यांमधून प्रकाश दिसला तर बारीक वायर त्यात नुसती चेंगरते. रंगीत प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. त्यासाठी हत्यारावर १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० हे मानक असावं लागतं. वॉटर पंप प्लायरमध्ये (जबड्याचं माप बदलता येणारी पाइपची पक्कड) क्निपेक्स कंपनीचा कोब्रा महाग आहे, पण पाइपवर जबडा स्वतःच आवळत जातो आणि बटणाने माप पटकन बदलतं, त्यामुळे तो पैसे वसूल करतो.

एल कीचा गोल टोकाचा भाग तिरक्या कोनातून बोल्ट फिरवायला असतो, शेवटचं आवळणं आखूड सपाट टोकाने करावं. नाहीतर गोळ्याची मान तुटून बोल्टच्या खळग्यात अडकते.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की कळवणारा पाना, चाकं स्वतः बसवणाऱ्यांनीच घ्यावा. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा अर्धा इंची क्लिक प्रकारचा चाकांना पुरतो. त्याच रेंचने १० न्यूटन-मीटरचा एम६ बोल्ट आवळायला गेलात तर आटे जातील. काम झालं की स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याखाली फिरवू नका, आणि नट सोडवायला तो कधीच वापरू नका.

हातोडी, टेप, हॅकसॉची फ्रेम, चुंबकाची वाटी यांत खुशाल पैसे वाचवा. ब्लेड तेवढं बायमेटलचं घ्या, इंचाला २४ दातांचं.

आयुष्यभराच्या वॉरंटीबद्दल दुकानदाराला नेमकं विचारा: रॅचेटचे आतले सुटे भाग मिळतात का, आणि १० मिमीची गोटी एकटी मिळते का? सगळ्यात आधी हरवते ती हीच. पेटीतल्या खाच्यात दुसऱ्या कंपनीची गोटी बऱ्याचदा बसत नाही.