जेडचा 'दॅट्स शोबिझ बेबी' महिनाभर ऐकल्यावर

विसर्जन होऊन सहाच दिवस झाले होते. पुण्यात त्या दिवसांत अंगाला जी सवय लागलेली असते ना, ढोल थांबला तरी छातीत ठोका चालूच असतो, तशातच १२ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी सकाळी कोथरूडहून बसमध्ये बसले आणि जेड थर्लवॉलचा पहिला सोलो अल्बम लावला. चौदा गाणी. हिंजवडीला पोचेपर्यंत आख्खा एकदा ऐकून झाला होता आणि पहिलं गाणं परत सुरू झालं होतं. त्या दिवसापासून आजपर्यंत एक दिवस असा गेला नाही की यातलं एखादं तरी गाणं वाजलं नाही, म्हणून आता बसून नीट लिहितेय.

ज्यांना जेड माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लिटल मिक्समधली. एक्स फॅक्टर या ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत २०११ साली जिंकलेल्या चार मुली, तो शो जिंकणारा पहिला ग्रुप, त्यानंतर सहा अल्बम, २०२०च्या शेवटी त्यातली जेसी बाहेर पडली आणि २०२२च्या टूरनंतर उरलेल्या तिघी थांबल्या. आपल्याकडे कॉलेजात वनडायरेक्शन या मुलांच्या बँडवाल्या पोरी ढिगाने होत्या, लिटल मिक्सवाल्या आम्ही मोजक्या, पण होतो. यातली एक गोष्ट मला कायम टोचायची. जेड त्या शोला एकटी गायला गेली होती. २००८ला गेली, तेव्हा पंधरा वर्षांची, परत पाठवली. २०१०ला गेली, परत पाठवली. २०११ला तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिला इतर मुलींबरोबर बसवून ग्रुप करून दिला. म्हणजे एकटीने गायचं म्हणून पहिल्यांदा रांगेत उभी राहिलेली मुलगी आणि तिचा एकटीचा अल्बम, यात सतरा वर्षं गेली. हे डोक्यात ठेवून अल्बम ऐकला की त्याची धावाधाव कळते. सतरा वर्षांचं साठलंय, ते एकदम येणार.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून माझ्या ओळखीतल्या ऐकणाऱ्यांत चक्क भांडणं झाली. या अल्बमला एक रंग नाही. एक गाणं डिस्को, दुसरं क्लबमधलं धडधडणारं, तिसरं रडवणारं, चौथ्यात ऐंशीच्या दशकातले सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे आवाज, आणि कधीकधी हे सगळं एकाच गाण्यात. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, कपाट उघडल्यावर सगळे कपडे एकदम अंगावर पडावेत तसं वाटलं मला, ही नक्की कोण आहे तेच कळेना. माझी धाकटी बहीण, जी बारावीला आहे आणि दिवसभर काहीतरी कानात घालून असते, ती म्हणाली, ताई हा एका माणसाचा अल्बम वाटतच नाही, भारी बनवलेली प्लेलिस्ट वाटते. आणि तिने ते कौतुक म्हणून म्हटलं होतं! तिच्या पिढीला एका मूडचा अल्बम सलग ऐकायची सवयच नाहीये, तिला हे उड्या मारणं नॉर्मल वाटतं. माझ्या वयाच्या लोकांना मात्र धागा हवा असतो.

सगळ्यात पटलेलं बोलणं माझ्या एका मित्राचं, जो गेली दहा-बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतोय आणि असलं काही सहसा ऐकत नाही. त्याला मी जबरदस्ती 'एंजल ऑफ माय ड्रीम्स' ऐकवलं. तो म्हणाला, रागमालेत राग किती आले ते कुणी मोजत नाही, एकातून दुसऱ्यात जाताना जोड कसा झालाय ते बघतात. मग त्याने गाणं परत लावायला सांगितलं आणि डोळे मिटून फक्त जोड ऐकले. आणि म्हणाला, इथे हिने जोड मुद्दाम उघडा ठेवलाय, झटका बसायलाच पाहिजे म्हणून.

अगदी हेच! ते गाणं नीट उलगडून सांगते कारण आख्खा अल्बम त्यात आहे. सुरुवातीला एक जुना आवाज येतो, सँडी शॉ या ब्रिटिश गायिकेचा, 'पपेट ऑन अ स्ट्रिंग'. हे १९६७चं गाणं, युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत ब्रिटनला पहिल्यांदा जिंकून देणारं, ती व्हिएन्नाच्या स्टेजवर अनवाणी गायली होती. आणि गंमत म्हणजे स्वतः सँडी शॉला ते गाणं अजिबात आवडायचं नाही हे तिने नंतर उघड सांगितलेलं आहे. कळसूत्री बाहुलीचं गाणं, गाणारीला नको असलेलं, पण तेच तिला जन्मभर चिकटलं. त्यानंतर जेड येते, बीट जवळजवळ नाहीच, आवाज सावकाश वर वर चढत जातो, असा की वाटतं आता हे मोठं भावुक प्रेमगीत होणार. आणि ऐन वरच्या सुरावरून खालची फळी काढून घेतल्यासारखं सगळं कोसळतं, खरखरीत इलेक्ट्रो बीट सुरू होतो आणि ती अर्धवट बोलत अर्धवट गात गाण्याच्या धंद्याबद्दल चिडून बोलायला लागते. मग परत तो स्वप्नाळू कोरस. मग वेगच बदलतो. हे सगळं तीन-साडेतीन मिनिटांत. ज्याला देवदूत म्हणतेय तो प्रियकर नाहीये, तो हा शोबिझ आहे, जो हवाही आहे आणि जो छळतोही. बाहुलीचा दोर कुणीतरी हिसकावला की बाहुली कशी तडक उडते, तसं ते गाणं उडतं. झटका हाच गाण्याचा अर्थ आहे, तो गुळगुळीत केला असता तर काही उरलंच नसतं.

हे गाणं २०२४च्या जुलैमध्ये आलं तेव्हा पहिल्यांदा ऐकून मलाही कळलं नव्हतं, खरंच. तेव्हा लोकांचे सरळ दोन गट पडले होते, काहींना हे दशकातलं भारी पॉप गाणं वाटत होतं आणि काहींना तीन गाणी मिक्सरला लावल्यासारखं. तिसऱ्यांदा ऐकताना मला लागलं आणि मग सुटलं नाही. ब्रिटनच्या चार्टवर ते सातपर्यंत गेलं. माइक सबॅथ हा निर्माता यात आहे, ज्याने रे या ब्रिटिश गायिकेबरोबरही काम केलंय, त्यामुळे गाणं मध्येच मोडून दुसरीकडे वळवायची ती हिंमत कुठून आली याचा थोडा अंदाज येतो. मार्च २०२५मध्ये ब्रिट अवॉर्ड्सला, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या संगीत पुरस्कारांना, तिने हे स्टेजवर केलं आणि पॉप ॲक्टचं अवॉर्डही घेतलं. तो परफॉर्मन्स मी रात्री जागून बघितलाय आणि बहिणीला उठवून परत दाखवलाय.

बाकी गाण्यांबद्दल. 'इट गर्ल' हे त्याच चिडीचं पुढचं टोक, इंडस्ट्रीला हवी तशी गोड बाहुली मी होणार नाही असं दात ओठ खाऊन सांगणारं. 'एफ यू एफ एन'चं पूर्ण नाव इथे लिहीत नाही पण त्यातला भाव मला फार आवडतो, आत्तापुरता तुझा राग आलाय, आज समोर येऊ नकोस, प्रेम आहेच, ते उद्या बघू. नवराबायकोच्या भांडणात हा 'आत्तापुरता' केवढा महत्त्वाचा असतो आणि पॉप गाण्यांत कुणी तो घेत नाही, तिथे एकतर जन्मोजन्मीचं प्रेम नाहीतर कायमचा ब्रेकअप. 'मिडनाईट काउबॉय'च्या सुरुवातीला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला नट शूटी गाटवा बोलतो आणि मग पुढे सरळ क्लब. 'फँटसी' म्हणजे सत्तरच्या दशकातला चकाकता डिस्को, त्याचा व्हिडिओ डेव्हिड लाशपेल या नावाजलेल्या फोटोग्राफरने केलाय, तो जरूर बघा, पण लहान पोरं शेजारी असताना नको, शेवटी रक्त आहे.

'प्लास्टिक बॉक्स' माझं दुसऱ्या नंबरचं. विषय आहे मत्सर, तोही बिनकामाचा. जोडीदाराच्या आयुष्यात आपल्याआधी कुणीतरी होतं याचा त्रास. तिला त्याचं मन सीलबंद हवंय, दुकानातून आणलेल्या डब्यासारखं, कुणी उघडलेलं नाही, कुणाचे बोटांचे ठसे नाहीत. हे चुकीचं आहे हे गाणाऱ्या मुलीला पक्कं माहितीये आणि तरी ती मागतेय, आणि खाली सिंथ इतके थंड, इतके स्वच्छ वाजतायत की प्लास्टिकचा गुळगुळीतपणा कानाला कळतो. हे कुणाला कधी वाटलं नाही? मला वाटलंय. पण बोलून दाखवायची लाज वाटते म्हणून आपण गप्प बसतो, आणि ही ते मोठ्याने गाते.

आणि 'अनकंडिशनल'. हे तिच्या आईचं गाणं आहे. तिच्या आईला ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, वर्षानुवर्षांचं दुखणं, त्याबद्दल जेड आधीपासून बोललेली आहे. आता आईच्या आजारपणावर गाणं म्हटल्यावर काय डोळ्यांपुढे येतं, पियानो, हळू आवाज, पाऊस. हे गाणं धावतं. नाचायचं गाणं आहे हे, पूर्ण ताकदीचं, सिंथ पळतायत, ड्रम मागे लागलेत. पहिल्यांदा ऐकताना मला विषय माहीत नव्हता, मी पोळ्या लाटताना यावर डोलत होते. मग शब्दांकडे लक्ष गेलं आणि लाटणं हातातच राहिलं. आमच्या आईला संधिवात आहे, सकाळी तिची बोटं वळत नाहीत, तासभर तरी कोमट पाण्यात हात धरून बसते, त्यानंतर मेथी निवडायला घेते आणि मी निवडते म्हटलं तर तिला चालत नाही. तिला मी गाणं ऐकवलं, अर्थ सांगितला. ती म्हणाली, बरं केलं रडकं नाही केलं, आजारी माणसाला कुणी रडकं ऐकवू नये. यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही. आपल्याकडे हे कळतंच म्हणा, वारीत पायांना फोड आलेले असतात आणि रिंगणाशेजारी फुगडी चालू असते.

जेडच्या आईबद्दल अजून एक सांगते कारण ते मला माझ्या शिक्षणाच्या काळात कळलं. मी एमएस्सीला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला होते. तिथून मेट्रो पकडून शेवटच्या स्टेशनला गेलं की साउथ शील्ड्स, जेडचं गाव. समुद्र, वारा असा की छत्री उलटी होते, तिथल्या लोकांना सँडडान्सर म्हणतात. आणि या गावात येमेनी खलाशांची जुनी वस्ती आहे, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारी माणसं शंभरेक वर्षांपूर्वी येऊन राहिली, मशीद आहे, १९७७ साली मुहम्मद अली तिथे आला होता. जेडच्या आईकडचं घराणं येमेनी आणि इजिप्शियन. अशा बंदराच्या गावात, अशा घरात वाढलेल्या मुलीच्या गाण्याला एकच रंग असावा हा आग्रह मला तरी पटत नाही. मी त्या किनाऱ्यावर बसून आइसक्रीम खाल्लंय, एका बाजूला पब, एका बाजूला करीची दुकानं, मागे फनफेअरचा गोंगाट. अल्बम तसाच ऐकू येतो.

आता कमी काय पडलं तेही सांगायला हवं. मधला भाग थोडा सैल आहे. 'हेडेक' ऐकताना मजा येते पण अल्बम संपल्यावर त्यातली एक ओळ आठवत नाही. 'सेल्फ सॅबोटर' वाईट अजिबात नाही, पण ते कुणीही गाऊ शकली असती, आणि या अल्बममध्ये कुणीही गाऊ शकेल असं गाणं म्हणजे फुकट गेलेली जागा. इथे मला ऑफिसातल्या मैत्रिणीचं थोडं पटतं, पण कारण वेगळं. उड्या मारल्या म्हणून नाही बिघडलं, दोन-तीन ठिकाणी उडी मारायची सोडून ती आरामात चालली म्हणून बिघडलं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पहिलंच गाणं इतकं उंच गेलंय की पुढची तेरा त्याच्याकडे मान वर करून बघत राहतात. त्यातून ते अल्बमच्या वर्षभर आधी येऊन गेलेलं, म्हणजे सगळ्यांना पाठ. मी असते तर ते शेवटी ठेवलं असतं.

शेवटाकडे मात्र अल्बम परत उभा राहतो. 'बिफोर यू ब्रेक माय हार्ट'मध्ये सुप्रीम्स या अमेरिकन मुलींच्या ग्रुपचं १९६५चं 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह' घेतलंय. मूळ गाण्यात बाई फसवणाऱ्या प्रियकराला थांब म्हणते, इथे जेड स्वतःच्याच लहानपणाशी बोलतेय, त्या स्वप्नं बघणाऱ्या पोरीशी, जिला आपण मोठेपणी हळूहळू विसरतो. एका ओळीची दिशा फिरवली आणि गाणं वेगळं झालं. जुनं गाणं नुसतं ओळखीचं म्हणून वापरणारे ढीगभर आहेत, आपल्याकडच्या रिमिक्सवाल्यांनी तर वीट आणलाय, पण सँडी शॉ काय आणि सुप्रीम्स काय, हिने दोन्ही वेळा जुन्या गाण्याला नवं काम दिलंय.

आणि एकदम शेवटी 'सायलेंट डिस्को'. सगळा गोंगाट उतरतो, दोन माणसं, गर्दीत असूनही फक्त दोघांनाच ऐकू येणारं काहीतरी. परतीच्या बसला, आठ वाजता, ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना खिडकीला डोकं टेकून ऐकायचं गाणं.

ब्रिटनमध्ये अल्बम तीन नंबरपर्यंत गेला. नवीन ऐकणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, चौदाच्या चौदा पहिल्याच दिवशी सलग ऐकू नका. आधी 'एंजल ऑफ माय ड्रीम्स' तीनदा, तीनदाच, दोनदा ऐकून मत बनवू नका. मग 'प्लास्टिक बॉक्स', मग 'अनकंडिशनल', आणि चांगला इअरफोन घ्या कारण मोबाईलच्या स्पीकरवर खालचा बास सगळा गायब होतो. आमच्याकडे आता रविवारी सकाळी आईच स्पीकर पुढे सरकवून म्हणते, ते आईचं पळणारं गाणं लाव गं, आणि मेथीची जुडी सोडते.