६८ डिग्रीचं कार्ड

जानेवारीत मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गाळ्यातून आरटीएक्स ३०८० हे सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्डाचे २९,५०० आणि 'ट्यूनिंग'चे २,५०० वेगळे. ट्यूनिंग म्हणजे ओव्हरक्लॉक करून (कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून), चिपची उष्णता कूलरला पोचवणारी नवी पेस्ट आणि पॅड घालून, 'टेंपरेचर सेट करून' दिलेलं. एकूण ३२ हजार.

मी बिल्डरांसाठी थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेली इमारत फिरून दाखवणारे व्हिडिओ, करतो. रात्री ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे एकेक फ्रेम तयार करायचं काम, लावायचा, झोपायचं आणि सकाळी उठून किती फ्रेम झाल्या ते मोजायचं, असा आमचा धंदा. जुन्या कार्डावर भागेना, नवं परवडेना. त्यात ओव्हरक्लॉक केलेलं म्हणजे फुकटात जास्तीचा वेग, असं डोक्यात बसलेलं. हाव माझीच होती, ते आधीच कबूल करून टाकतो.

गाळ्यात टेबलावर कार्ड उघडंच जोडलेलं, कॅबिनेट नाही. शटर वर, बाहेर जानेवारीची रात्र. गाळेवाल्यानं टेस्ट लावली. स्क्रीनच्या कोपऱ्यात आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकच्या सॉफ्टवेअरचे आकडे : कोअर म्हणजे मुख्य चिप +१५० मेगाहर्ट्झ, मेमरी +१२००, टेंपरेचर ६८. पंखे शंभर टक्क्यांवर. उद्यमनगरात ग्राइंडर चालल्यासारखा आवाज, आणि मला वाटलं काय ताकद आहे!

"भावा, बघ की. फुल लोडला बी ६८ च्या वर जात न्हाई. असलं पीस अख्ख्या कोल्हापुरात घावायचं न्हाई."

पाच मिनिटांनी टेस्ट थांबवली आणि चहा मागवला. मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला रात्रंदिवस, वापरलंय का, असं मी विचारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर असली कार्डं ढिगानं बाजारात आली, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "छे छे, गेमिंगचं हाय." मी मान डोलावली. पैसे यूपीआयनं दिले, तेही त्याच्या भावाच्या नंबरवर. पावती म्हणून वहीचं पान : 'चेकिंग करून दिले'.

फेब्रुवारीत कामं छोटी होती, काही जाणवलं नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नऊशे फ्रेमचा वॉकथ्रू लावून झोपलो. सकाळी बघतो तर २१२ वर गाडी अडकलेली. परत लावला तर फ्रेमवर हिरवे ठिपके. तिसऱ्यांदा पीसीच बंद पडला. फोन केला तर म्हणाला, "तुझा एसएमपीएस कमी पडतोय." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आता यात तथ्य होतं. माझा ६५० वॅटचा, आणि या कार्डाला चिप बनवणारी एनव्हिडिया ७५० चा सांगते. मी पदरचे सात हजार घालून नवा एसएमपीएस बसवला. पीसी बंद पडायचा थांबला, हिरवे ठिपके राहिले. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा महागात पडतो, ते असं.

मग मी एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि डोळे उघडले. कार्डाचं टेंपरेचर एक नसतं. तिथं तीन ओळी दिसतात. पहिली कोअरची, तीच जी त्यानं मला दाखवली. दुसरी हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेची. तिसरी मेमरी जंक्शन, म्हणजे मेमरीच्या चिपच्या आतली. माझ्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये, अर्ध्या तासानं आकडे होते : कोअर ७८, हॉटस्पॉट १०३, मेमरी ११०.

कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये दहा-पंधरा डिग्रीचा फरक असतोच. माझ्याकडे पंचवीस. याचा अर्थ कूलर चिपवर नीट टेकलेला नाही. आणि ३०८० ची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० ला पोचली की जळू नये म्हणून कार्ड आपणच वेग कमी करतं. म्हणजे ओव्हरक्लॉकचे जास्तीचे पैसे देऊन मी कार्ड मूळ वेगापेक्षा हळू चालवत होतो!

कूलर खोलायला माझा हात धजेना. आमच्या आबांची उद्यमनगरात लेथ आहे. त्यांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही, पण दोन पत्रे एकमेकांवर कसे बसतात ते पन्नास वर्षं बघतायत. रविवारी दुकान बंद असताना कार्ड घेऊन गेलो. स्क्रू काढले, कूलर उचलला. मधल्या चिपवरची पेस्ट एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्या कोपऱ्यात जवळजवळ पुसलेली. बोर्डावर तेलाचे ओघळ. जुन्या पॅडमधलं सिलिकॉनचं तेल असं पाझरतं, बरीच वर्षं तापत राहिल्याची खूण. ते पुसायचीही तसदी घेतलेली नव्हती.

आबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मेमरीवरचा पॅड बोटानं दाबून बघितला. मग पलीकडचा. काही न बोलता व्हर्निअर काढला. दबलेला भाग सोडून पॅडच्या कडेला हलकेच धरला. एका बाजूचा पॅड १ मिलिमीटर. दुसऱ्या बाजूचा २.

"लेका, ह्ये खोगीर एका अंगाला बसलंय. तापंल न्हाई तर काय हुईल?"

एवढंच. दहा मेमरी चिपांपैकी पातळ पॅडच्या बाजूच्या चिपांना कूलर धड लागतच नव्हता, आणि जाड पॅडनं कूलर उचलला गेल्यामुळे मधली चिपही एका कोपऱ्यात उपाशी. हाताला आलेले पॅड चिकटवून गाळेवाला मोकळा झालेला.

आणखी एक गोष्ट नंतर दिसली. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं तर कंपनीचं नाव वेगळं. कार्डाच्या पंख्यावर एका कंपनीचं, सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचा बायोस, कार्डानं किती वीज घ्यायची हे ठरवणारा आतला प्रोग्राम, यात भरलेला. कशासाठी? ३०८० मूळ ३२० वॅटचं. या बायोसमध्ये मर्यादा ३७० पर्यंत जात होती. आधीच कूलर तिरका, त्यावर पन्नास वॅटचा जाळ वाढवून दिलेला.

आणि ती मेमरी +१२००? मी ती +४०० वर आणली, तर टेस्टचा स्कोअर वाढला! मला आधी खरंच वाटेना, तीनदा लावून बघितलं. ही मेमरी डेटा चुकला की स्वतः पकडते आणि परत पाठवते. त्यामुळे जास्त ताणली तरी लगेच हँग होत नाही, आकडा भारी दिसतो, पण पाठवापाठवीतच वेळ जातो. मेमरी वाढवताना पन्नास-शंभरनं वाढवायची आणि दर वेळी स्कोअर बघायचा. स्कोअर घसरला की मागं यायचं. कोअरला पंधरा-पंधरानं जायचं. त्या पठ्ठ्यानं थेट दोन गोल आकडे टाकले होते.

आबा माझ्याबरोबर गाळ्यात आले. दोन्ही पॅड काउंटरवर ठेवले, शेजारी व्हर्निअर. तो हसून म्हणाला, "काका, ते फ्लेक्झिबल असतंय." आबा म्हणाले, "मग दोन्ही येकसारखं का न्हाई?" त्यावर त्यानं फोन कानाला लावला. अर्ध्या तासानं ट्यूनिंगचे २,५०० परत दिले, कार्ड मात्र घेतलं नाही. वर ऐकवलं, "खोललंय तुम्ही, आता गॅरंटी संपली." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करायची म्हटलं तर माझ्या हातात काय होतं? वहीचं पान, त्यावर ना सही ना कार्डाचा सीरियल नंबर, आणि तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेले पैसे.

सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर किमान अर्धा तास लोड लावून, स्वतःच्या डोळ्यांनी, एचडब्ल्यूइन्फोमधल्या तिन्ही ओळी बघा. पंखे ऑटोवर ठेवायला सांगा, आणि जमलं तर कॅबिनेटमध्ये बघा. खोलीचं तापमान विचारात घ्या : जानेवारीचे ६८ एप्रिलच्या दुपारी ८० च्या आसपास जातात, त्यात कार्डाचा दोष नाही. सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि ज्याच्याकडून घेता त्याच्याच खात्यावर पैसे टाका. 'ओव्हरक्लॉक करून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथंच नमस्कार करा. ते काम घरी बसून, फुकट होतं.

माझं कार्ड आज चालतंय. मूळ बायोस परत भरला, योग्य जाडीचे पॅड मागवून आबांच्या देखरेखीखाली बसवले. ओव्हरक्लॉक काढून उलट व्होल्टेज कमी केलं : ८५० मिलिव्होल्टला १८३० मेगाहर्ट्झ. वीज तीनशेवीसवरून दोनशेसाठच्या आसपास आली आणि रेंडरच्या वेळेत मला फरक शोधावा लागतो. हॉटस्पॉट ८१, मेमरी ८८. पण ज्या चिपा महिनाभर ११० वर भाजल्या त्या किती दिवस साथ देतील, याचा हिशोब मी मनात ठेवूनच रात्रीचा रेंडर लावतो.

परवा त्या गाळेवाल्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस बघितलं. 'ट्यून्ड कार्ड उपलब्ध, ६८ डिग्री गॅरंटी.' फोटोत कार्ड उघड्या टेबलावर, शटर वर, आणि कोपऱ्यात एकच ओळ.