ई-पब अंकातल्या मोडलेल्या ओळी: सात महिन्यांच्या वापरानंतर

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा छापणाऱ्या एका इंग्रजी ऑनलाइन मासिकाची ई-पब (ई-पुस्तकाची फाइल) वर्गणी, सात महिने, किंडलवर. कथांबद्दल तक्रार नाही. निवड चोख, मुद्रितशोधन नेटकं, अंक वेळेवर. बिघडलंय ते कवितेत, आणि इतकं की पहिले तीन महिने ‘घेऊ नका’ असंच सांगितलं असतं.

दोष असा. सहा इंची पडद्यावर अक्षर जरा मोठं केलं की कवीची लांब ओळ मावत नाही; उरलेला शब्द खाली येऊन थेट डाव्या कडेला बसतो. मराठीत उदाहरण घ्यायचं तर ‘मंगळावर जन्मलेल्या नातीला पाऊस कसा सांगायचा’ ही एक ओळ. पडद्यावर ‘सांगायचा’ एकटाच खाली पडतो आणि कवीनं तो मुद्दाम सुटा ठेवलाय असं वाटतं.

कथेत यानं काही अडत नाही. विज्ञान-अद्भुताच्या जातीच्या कवितेत मात्र ओळ कुठे संपते यावर अर्थ ठरतो. ‘तिनं काळीज काढून ठेवलं’ इथे ओळ संपली की आपण ते रूपक समजतो. पुढे ‘फडताळात, डब्यांच्या मागे’ असं आलं की कळतं, या जगात काळीज खरंच काढता येतं. त्या दोन ओळींमधला थांबा कवीचा आहे, पडद्याच्या रुंदीचा नाही. याच जातीच्या कवितांना १९७८ पासून दिल्या जाणाऱ्या ऱ्हिसलिंग पुरस्कारातही लघु आणि दीर्घ कविता ओळी मोजून वेगळ्या करतात. ५० ओळींपासून पुढे दीर्घ. जिथे ओळ हेच माप आहे, तिथे अंक बनवणाऱ्यांनी ती जपायलाच हवी.

मासिकाला दोनदा लिहिलं. उत्तर आलं की संकेतस्थळावर कविता बरोबर दिसते, ई-पब आपोआप तयार होतो. पण संकेतस्थळ फुकट आहे आणि पैसे ई-पबचेच घेतात!

उपाय आहे, फुकट आहे. कॅलिबर या ई-पुस्तकं हाताळायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये अंकावर उजवं क्लिक करून ‘एडिट बुक’ उघडा. कवितेच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद असेल, तर स्टाइलशीटमध्ये (मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) त्या परिच्छेदाच्या क्लासला पॅडिंग-लेफ्ट २ ई-एम आणि टेक्स्ट-इंडेंट उणे २ ई-एम द्या (१ ई-एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं अंतर). ओळीचा उरलेला तुकडा मग आत सरकून बसतो आणि नवी ओळ कोणती ते लगेच दिसतं. अख्खं कडवं एकाच परिच्छेदात असून ओळी बी-आर टॅगनं तोडल्या असतील, तर एवढ्यानं उलटंच होतं: पहिली सोडून सगळ्या ओळी आत जातात. अशा वेळी आधी प्रत्येक बी-आरच्या जागी परिच्छेद बंद करून नवा उघडा. नव्या परिच्छेदांचं मार्जिन शून्य ठेवा, कडव्याच्या पहिल्या ओळीला तेवढं वर १ ई-एम द्या. नाहीतर प्रत्येक ओळीचं वेगळं कडवं होईल. ‘रिप्लेस ऑल’ फक्त चालू फाइलपुरतं करा, कारण कथांमध्ये पत्रं, पत्ते वगैरे बी-आरनंच तोडलेले असतात. शेवटी किंडलवर मजकूर डावीकडे जुळवून घ्या.

पैशांचं थोडक्यात. किंडलवरची मासिकांची थेट वर्गणी ॲमेझॉननं सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळली, त्यामुळे फाइल आपणच पाठवायची. महिन्याची वर्गणी टाळा: रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनंतर परदेशी वर्गणीचं आपोआप नूतनीकरण बऱ्याच कार्डांवर अडकतं. वर्षाचे पैसे एकदम भरा आणि कार्डाची आंतरराष्ट्रीय सोय तेवढ्यापुरतीच चालू करा. बँकेचं परकीय चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरूनच हिशेब करा. पुण्यातल्या वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एका वर्गणीत ढीगभर अंक वाचणाऱ्याला हे डॉलर टोचतातच.

तरी मत बदललं, ते ध्वनिमुद्रणामुळे. बऱ्याच कविता कवीच्या आवाजात ऐकायला मिळतात. दुरुस्त केलेली फाइल समोर ठेवून ऐकलं की आवाजातला थांबा आणि ओळीचा शेवट एकमेकांवर बसतात. आधी विस्कळीत वाटलेल्या कविता अंकातल्या कथांपेक्षा सरस निघाल्या. वर्गणी चालू ठेवतोय. चार कवितांच्या अंकाला दुरुस्तीसाठी वीस मिनिटं लागतात, आणि ती किंडलवर पाठवायच्या आधीच द्यावी लागतात; एकदा पाठवलेली प्रत तिथे सुधारता येत नाही.