पाण्यात भिजवून घालायचे कूलिंग व्हेस्ट: एप्रिल-मे महिन्यांतला अनुभव

पशुधन पर्यवेक्षक म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड, तळोधी आणि सिंदेवाही या पट्ट्यात मी रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल चालवतो. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांवरचे पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण नेमके मे महिन्यात येते. मागच्या सीटवर बांधलेल्या थंडपेटीत लस बर्फाच्या संगतीने २ ते ८ अंशांत आरामात असते आणि पुढच्या सीटवरचा माणूस ४५ अंशांत भाजत असतो. या विसंगतीला कंटाळून एप्रिलच्या सुरुवातीला २,२०० रुपयांचे एक कूलिंग व्हेस्ट घेतले. दोन महिने रोज वापरल्यावर माझे मत असे की वस्तू कामाची आहे, पण एकटी नव्हे. तिच्यावर जाळीचे जॅकेट नसेल तर पैसे पाण्यात गेले असे समजावे.

बाह्या नसलेले आणि पुढून चेन असलेले हे व्हेस्ट दुहेरी कापडाचे असून दोन थरांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारे दाणे चौकटी पाडून शिवलेले आहेत. (आमच्याकडे बंडी म्हटले की लोक बैलगाडी समजतात, म्हणून व्हेस्ट हाच शब्द ठेवतो.) ते पाच-सात मिनिटे बादलीत बुडवायचे, न पिळता तळहातांनी दाबून वरचे पाणी काढायचे आणि शर्टावर चढवायचे. भिजल्यावर त्याचे वजन घरच्या काट्यावर सव्वा किलो भरले, त्यात पाऊण लिटर तरी पाणीच होते.

यामागचे तत्त्व आपल्या खिडकीतल्या कूलरचेच आहे. ओल्या वूडवूलमधून कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती उष्णता हवेतून आणि अंगातून ओढली जाते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे ओठ फोडणारा तोच कोरडेपणा इथे उपयोगी पडतो. गाडी पळवली की वारा लागून बरे वाटते, हा समज मात्र हवा साधारण ३५ अंशांपर्यंत असेल तोवरच खरा आहे, कारण त्वचेचे तापमान तेवढेच असते. हवा त्याहून तापली की वेग जितका वाढवावा तितकी झळ अंगात शिरते. घाम येतो, पण दिसण्याआधीच वाळतो, आणि किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. शर्टाची वरची बटणे उघडी टाकून जाणारे आमचे तरुण नेमके हेच करतात. व्हेस्टमुळे वाफ होणाऱ्या पाण्याचा बराचसा भाग शरीराऐवजी कापडातून जातो, हाच त्याचा खरा फायदा.

पहिल्या दिवशी मी ते नुसते शर्टावर घातले, तर पंचवीस मिनिटांत छातीकडचा भाग पापडासारखा कडक वाळला आणि पाठीकडचा तसाच ओला राहिला. दुसऱ्या दिवशी वरून जाळीचे रायडिंग जॅकेट घातले. जाळीतून वारा बेतानेच आत येतो, ऊन थेट पडत नाही, आणि ओलावा पावणेदोन तास टिकला. वेष्टनावर आठ तास लिहिले आहेत. ते बहुधा सावलीत उभ्या असलेल्या माणसासाठी असावेत. एका गोठ्यापाशी मी जॅकेट काढले तेव्हा गाय धरून उभ्या असलेल्या आजीने विचारले, "काय डाक्टर, आंघोळ करून अंग पुसलंच नाही का जी?" त्यांच्याच हौदावर व्हेस्ट पुन्हा भिजवून मी पुढच्या गावी गेलो. परतीच्या वाटेवर पाणी कुठे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे लागते, हे ओघाने आलेच.

तक्रारीही आहेत. तिसऱ्या आठवड्यात काखेजवळची एक शिवण उसवली आणि फुगलेले दाणे भिजलेल्या साबुदाण्यासारखे शर्टाला चिकटले. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला, तेव्हा घरीच जाड दोऱ्याने टाके घातले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कापडावर पांढरे डाग पडतात. रात्री ओलेच घडी करून ठेवले तर सकाळी असा कुबट वास येतो की बैलसुद्धा मान फिरवतो.

डोक्याला याचा काहीच उपयोग नाही. हेल्मेटखालची सुती टोपी भिजवली तरी दहा मिनिटांत वाळते, म्हणून मानेवर ओला दुपट्टा आणि काच खाली, एवढेच हाती उरते. शिवाय छाती गार असल्याने माणूस गाफील राहतो. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागल्यावर एका दुपारी मला अगदी ठीक वाटत होते, पण पोटऱ्यांत गोळे आले आणि लघवी गडद पिवळी झाली. मोहाच्या सावलीत थांबून ओआरएसचे लिटरभर पाणी अर्ध्या तासात थोडे थोडे प्यायलो, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. तेव्हापासून तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी गाडी थांबवून चार घोट घेतो आणि बारा ते चार प्रवास टाळतो. एखादा स्वार असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत राहावे. तिथे व्हेस्टच्या भरवशावर बसू नये.

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की याचे काम संपते. दमट हवेत पाणी उडत नाही आणि अंगावर नुसते ओझे चिकटून राहते. खरेदी करताना जाळीचे जॅकेट सोबत नेऊन दोन्ही एकावर एक घालून पाहावे, कारण भिजल्यावर व्हेस्ट बोटभर फुगते आणि मापाच्या जॅकेटची चेन लागत नाही. माझे जॅकेट शेवटी एक माप मोठे घ्यावे लागले.