पट्ट्याचा स्पिन बॉल: लेकीच्या पिचिंगसाठी घेतला, पैसे वसूल

लेक 14 यू (14 वर्षांपर्यंतच्या मुलींचा गट) फास्टपिच सॉफ्टबॉल खेळते, म्हणजे हात खालून फिरवून वेगात बॉल टाकायचा प्रकार, इकडे न्यू जर्सीत, आणि घरचा कॅचर (तिने टाकलेला बॉल झेलणारा) मीच, रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर 43 फूट मोजून बादलीवर बसतो. मागच्या विंटरला हा बॉल मागवला, साधाच 12 इंची (घेर), फक्त मधोमध जाड काळा पट्टा. सहा महिने वापरून लिहितोय.

पहिल्याच दिवशी कळलं की आम्ही ज्याला राइजबॉल (वर चढतोय असा वाटणारा बॉल) म्हणत होतो तो राइज नव्हताच. खरा बॅकस्पिन (मागच्या दिशेने उलटी फिरकी) असला की पट्टा उभ्या रेघेसारखा स्थिर दिसतो, आमचा पंख्याच्या पात्यासारखा गरगरत यायचा, म्हणजे बुलेट स्पिन (बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी), त्याने बॉल ना वर टिकतो ना वळतो, छातीच्या उंचीवर सरळ येतो आणि बॅटरला आयता मिळतो. इतके महिने लेक त्याच पिचवर (टाकलेल्या बॉलला पिच म्हणतात) मार खात होती आणि मी तिला म्हणायचो अजून जोरात टाक! फार वाईट वाटलं. आणि खरा राइजसुद्धा चढत नाही बरं का, बॅकस्पिनमुळे बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो, म्हणून बॅट त्याच्या खालून जाते.

ड्रॉपला (शेवटी खाली पडणारा पिच) मात्र पट्टा आठवड्याभरात सरळ झाला. टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) आणि गुरुत्वाकर्षण दोघं एकाच दिशेला ओढतात, म्हणून हा पिच लवकर कामाला येतो, गुडघ्याशी पडला की बॅट बॉलच्या डोक्यावर लागते आणि ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा फटका). अमेरिकेची ऑलिंपिक पिचर कॅट ऑस्टरमन, तिचे जुने व्हिडिओ बघा, नुसत्या वेगावर नाही, बॉल शेवटी पडायचा आणि वळायचा त्यावर तिने बॅटर काढल्या. माझं स्पष्ट मत, या वयात ड्रॉप आणि चेंजअप (फसवा संथ पिच) पक्के करा, कर्व्ह (एका बाजूला वळणारा) नंतर, स्क्रूबॉलची (त्याच्या उलट बाजूला वळणारा) तर घाईच नको.

चेंजअपला हा बॉल फारसा उपयोगी नाही. तिथे हात फास्टबॉलइतक्याच जोरात फिरतो का तेच बघायचं असतं, हात हळू झाला की बॅटर ओळखते, त्याला फोनचा स्लो मोशन बरा.

तक्रार एकच, पट्ट्याचा रंग डांबरावर घासून उडतो, आम्ही मार्करने परत काढला. बॅटने मारायला देऊ नका. आणि 10 यू ची मुलगी असेल तर 11 इंची मिळतो का बघा, त्यांचा बॉल लहान असतो.