मशीन २०० अँपिअरचं, काम सत्तरचं: दहा महिन्यांचा अनुभव

बॉक्सवर २०० अँपिअर लिहिलं होतं म्हणून हे वेल्डिंग मशीन घेतलं, हे आधीच कबूल करतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन दुकानं फिरलो. एकाकडे १६०चं, दुसऱ्याकडे २००चं, फरक आठशे रुपयांचा. म्हटलं, आठशेसाठी कशाला हात आखडायचा? साडेसहा हजार मोजले आणि सिंगल फेजचं इन्व्हर्टर आर्क मशीन स्कूटरवर पायापाशी ठेवून घरी आणलं. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनच्या धुडापुढं हे म्हणजे खेळणंच.

या दहा महिन्यांत करंटचा नॉब शंभरच्या पुढं मोजून तीनदा गेला. त्यात दोनदा एमसीबी पडला आणि आतून सौभाग्यवतींचा आवाज आला. हिशेब घ्यायच्या आधीच करायला हवा होता. २०० अँपिअरला आर्कवर (म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीवर) २८ व्होल्ट धरले तर रॉडच्या, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या लेपवाल्या काडीच्या, टोकालाच साडेपाच किलोवॅट लागतात, मशीनमध्ये वाया जाते ती वीज वेगळीच. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट पावणेचार किलोवॅटच्या आतच हात टेकतो. म्हणजे बॉक्सवरचा आकडा माझ्या घरात कधी चालणारच नव्हता.

माझं सगळं काम अडीच एमएमच्या ६०१३ (हा रॉडचा नेहमीचा प्रकार) रॉडवर, ७० ते ८५ अँपिअरमध्ये झालं. कुंड्यांचा स्टँड, गेटची बिजागरी, आईचा झोपाळा. म्हणून दुकानात एकच गोष्ट बघा: सत्तरला लावून रॉड टेकवला की आर्क लगेच धरतो का. माझं मशीन दिवसा झकास धरतं. संध्याकाळी गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज उतरलं की रॉड चिकटायला लागतो. वर लांबलचक बारीक एक्स्टेंशन लावलंत तर विचारूच नका.

सुरुवातीला मात्र व्होल्टेज चांगलं असतानाही रॉड चिकटायचा. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या मामांना दाखवलं. ते वेल्डकडे बघून म्हणाले, "हे वारूळ कुणी बांधलं?" मग म्हणाले, "सर, रॉडला भिऊ नगा. काडी ओढल्यागत ओढा आन् जवळच ऱ्हावा." तसं केलं. चिपी (वेल्डवर जमणारा कडक थर) झाडल्यावर पहिल्यांदा खाली नाण्यांची चळत आडवी पडल्यासारखी सरळ रेघ दिसली. तो तुकडा अजून टेबलावर आहे. शिकायला दोन एमएम जाडीचा चौकोनी पाइप घ्या. मी स्वस्तात मिळाला म्हणून सव्वा एमएमचा आणला आणि त्याची चाळणी केली.

तक्रार आहे ती सोबतच्या सामानाची. केबल तांब्याची म्हणून दिली होती, टोक खरवडलं तर आत पांढरं ॲल्युमिनियम. अर्थिंगचा क्लॅम्प पत्र्याचा. चार रॉड जाळले की हात लावायची सोय नाही. आर्क फडफडायचा आणि मी मशीनला शिव्या द्यायचो. पितळी क्लॅम्प आणि तांब्याची केबल घेतली, क्लॅम्पखालचा गंज घासून काढला, फडफड बंद. या दोन वस्तूंना चौदाशे गेले. १६०चं घेतलं असतं तर यातले आठशे तिथंच सुटले असते.

हेल्मेट आपोआप काळं होणारं घ्या, हाताने धरायच्या काचेत नवशिक्याचा एक हात अडकतो. हेल्मेट असूनही एकदा "एकच तर टाका मारायचाय" म्हणून नुसतेच डोळे मिटून मारला. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं, सकाळी डॉक्टरांकडे. जीआय पाइपच्या बाबतीतही मामांनी वेळीच अडवलं: वेल्ड मारायच्या जागेचा जस्ताचा थर घासून काढायचा आणि काम उघड्यावर करायचं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पावसाळ्यात रॉडचं उघडं पाकीट सादळलं. आर्क तडतडायला लागला, लेप गळून पडायला लागला. जुन्या तव्यावर मंद आचेवर तासभर शेकले तेव्हा कुठं सुधारले. (तवा आता माझाच आहे, स्वयंपाकघरात परत घेतलेला नाही.) तेव्हापासून रॉड झाकणाच्या घट्ट डब्यात.

मिगचाही (तार आणि गॅसवर चालणाऱ्या वेल्डिंगचा) विचार केला होता. पण सिलिंडरचं डिपॉझिट ऐकलं आणि चहा पिऊन परत आलो.

२०० अँपिअरच्या जोशात घेतलेल्या ३.१५ एमएमच्या जाड रॉडच्या पाकिटातले तीनच वापरलेत. उद्यमनगरच्या आसपास कुणाला उरलेले हवे असतील तर घेऊन जा, आधी तेवढे शेकून घ्या.